उसवलेली शिवण

मित्रांनो, माझ्या मधोमध हे दोन खळगे दिसतात ना? ते ओक-बुन आजीच्या गुडघ्यांचे आहेत. मी प्रार्थनेला गुडघे टेकायची एक जुनी, चपटी झालेली छोटी गादी, कोरियातल्या एका खेड्यातल्या चर्चमधली. माझ्यातला कापूस आजीच्या लग्नातल्या रजईचा. शिवण मात्र तिच्या धाकट्या बहिणीची, माल-सुनची. कोपऱ्यातलं फूलही तिनंच भरलं.

आमच्याकडे पहाटेच्या उपासनेत सगळे एकदम, मोठ्यानं प्रार्थना करतात. त्यात आजीचा आवाज सगळ्यांच्या वर! आणि मागणं रोज एकच. "प्रभू, त्या माल-सुनला अक्कल दे! येऊन माफी मागू दे!"

झालं होतं असं, की हिवाळ्यासाठी किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालताना माल-सुन सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "ताई, ही किमची आहे की मिठागर?" आजी भडकली. "माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकशील तर बघ!" तेव्हापासून माल-सुन चर्चलाही येईना. वर्षं गेली. मला दोघींसाठी फार वाईट वाटायचं, पण गादी काय बोलणार?

आणि त्या दिवशी सकाळच्या बसनं माल-सुन मुलाकडे इंचॉन शहरात कायमची निघाली होती.

पाळकांनी बायबलमधला छोटासा उतारा वाचला. देवापुढे अर्पण आणलं आणि आपण दुखावलेलं माणूस आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवावं, आधी त्या माणसाकडे जावं, असा. आजीनं तो कितीदा तरी ऐकला होता. दरवेळी पुटपुटायची, "हे माल-सुननं ऐकायला हवं." त्या दिवशीही म्हणाली, "हे माल..." आणि थांबली.

सगळ्यांनी "प्रभू!" अशी हाक मारली. चर्च दुमदुमलं. आजी गप्प! शेजारच्या बाईनं घाबरून हलवलं.

"आजी, बरं नाही का?"

"गप गं! ऐकतेय मी."

जरा वेळानं ती उठली, रबरी बूट कसेबसे पायात घातले आणि चालू लागली. भर उपासनेत मी एकटीच उरले.

उपासना संपली, माणसं पांगली. बसचा हॉर्न वाजला, दूर गेला. संपलं सगळं, असं मला वाटलं. एवढ्यात दार करकरलं.

"ताई, तुझ्यापायी बस चुकली माझी!"

"दुपारची आहे की. ये, टेक गुडघे."

"एका गादीवर दोघी? मावणार कशा?"

"तू सुटलीस, त्याला मी काय करू?" आजी हसली. मग हळूच म्हणाली, "खारट होती गं किमची. आणि मी तुला दारातून हाकललं. चुकलं माझं."

माल-सुननं नाक ओढलं. "खारट तर होतीच. पण त्या दिवशी दोन वाट्या भात जास्त खाल्ला होता मी."

दोघी गुडघ्यांवर बसल्या. कुणीच काही मागितलं नाही. आणि माझी शिवण टरकन उसवली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, फाटलं तर वेळीच शिवा. माझी ही शिवण मात्र राहू द्या. माल-सुन सणासारखी वर्षातून एकदा येते, तेव्हा दोघींना टेकायला तेवढीच जास्त जागा होते.