उजळायला दिलेला बिल्ला

आमच्या भागाबाईला झिजलेलं काही बघवत नाही. देव्हाऱ्यातल्या टाकावरचा खंडोबा पुसट झाला, की ती चोपड्याच्या सोनाराकडून पुन्हा कोरून, उजळून आणते. त्र्याण्णवच्या चैत्रात आमचा पोरगा भटू पलटणीतून सुटीवर आला आणि तिनं त्याच्या टोपीवरचा बिल्ला पाहिला, तिथंच घोळ झाला. दोन सिंह, मधे बिगूल, पण सगळं सपाट. साहेबलोकांपुढं माझं लेकरू असं उभं राहतं, म्हणून दिवसभर हळहळली. सकाळी बिल्ला पदराला बांधला, दारातूनच मला सांगितलं आणि पहिल्या एस्टीनं चोपड्याला गेली. विचारायची पद्धत आमच्याकडे नाहीच.

भटूला कळलं तसा त्याचा चेहरा उतरला. आम्ही दोघांनी दुसरी एस्टी धरली. वाटेत तो तुटक तुटक बोलला. बिल्ला त्याच्या उस्तादांचा, पलटणीत त्याला शिकवून तयार करणाऱ्यांचा. कसम परेडच्या, म्हणजे जवान म्हणून शपथ घ्यायच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या टोपीवरून काढून याच्या टोपीला लावला होता. नवा कोरा बिल्ला कुणालाही मिळतो, म्हणाला. सिंह असा पुसट व्हायला मात्र जन्म जातो, रोज पहाटे घासावा लागतो. पुढं उस्ताद शांतिसेनेबरोबर लंकेत गेले, ते परत आले नाहीत.

"आबा, त्यासना हातनं एवढंच उरेल शे."

आपण त्या बिल्ल्याकडं नुसता बिल्ला म्हणून बघत होतो.

दुकानात पोचलो तेव्हा सोनाराची छिन्नी चालूच होती. डावा सिंह मिशांसकट उठून दिसत होता. उजवा अजून सपाट होता. भटूनं सोनाराचा हात धरला. मी भागाबाईला सगळं सांगितलं. तशी ती सोनाराच्या हातापाया पडू लागली, कानस फिरव पण होतं तसं करून दे. त्यानं बिचाऱ्यानं कानस उचललीसुद्धा.

भटूनं बिल्ला काढून घेतला.

"नको, माय. अर्धं उस्तादनं ऱ्हाऊ दे. बाकीनं मी झिजाडसू."

पोटच्या पोराला हात जोडावेसे वाटले, खोटं कशाला सांगू. तो दुकानाच्या पायरीवर बसला, खिशातून रुमाल काढला आणि डावा सिंह घासायला लागला.