कालचं उत्तर

परीक्षकांसमोरचा शेवटचा पाठ फसला तर हातातोंडाशी आलेली नोकरी गेलीच, या धास्तीने शिक्षिका होऊ घातलेल्या धाकटीला घास गोड लागत नव्हता. तिची ताई जुनी शिक्षिका. तिने हसत गुरुकिल्ली दिली: तोच पाठ आदल्या दिवशी त्याच वर्गावर गुपचूप घ्यायचा आणि मुलांकडून उत्तरं घोटून घ्यायची. धाकटीच्या अध्यापक विद्यालयात सगळे तेच करत. तुम्हीआम्ही त्यालाच तयारी म्हणतो!

पाठ सावलीचा होता. परीक्षक बाई मागच्या बाकावर बसल्या. सावली कशी पडते, असं धाकटीने अगदी आयत्या वेळी सुचल्यासारखं विचारलं. फटाफट हात वर झाले. तिने दोन वेण्यांच्या मुलीला उठवलं.

"बाई, काल पाठ करून घेतलंत ते सांगू, की मला वाटतं ते?"

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता लपवायला उरलंच काय होतं?

"तुला वाटतं ते सांग," ती म्हणाली.

दोन दिवे लावले तर सावली पुसली जाईल, असं मुलीला वाटत होतं. छे, दोन पडतील, असं शेजारणीचं म्हणणं. धाकटीच्या पाठाच्या टाचणात याचं उत्तर नव्हतं आणि डोक्यातही नव्हतं.

"मलाही माहीत नाही. करून बघू या."

खिडक्या लागल्या. धाकटीने मोबाइलचा दिवा लावला, दुसरा मोबाइल चक्क परीक्षक बाईंनी पुढे केला. भिंतीवर खडूच्या डबीच्या दोन फिकट सावल्या उमटल्या, आणि एकमेकींवर आल्या तिथे गडद काळी! मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला. घंटा झाली तरी कुणी हलेना.

बाहेर आल्यावर परीक्षक बाई म्हणाल्या, "पहिल्या भागाला शून्य. ती मुलांची तालीम होती. पाठ तुम्ही नंतर घेतलात. उद्याच्या शाळेत तयार उत्तरं यंत्रंही देतील. 'मला माहीत नाही, बघू या' म्हणायला माणूस लागतो. पुढच्या आठवड्यात नव्या वर्गावर पुन्हा पाठ घ्या. विषय मी तिथेच सांगेन."

रडायचं सोडून धाकटी धावतच घरी आली. पाठ फसला, म्हणत तिने दोन दिवे लावून ताईला त्यांच्यासमोर उभं केलं. ताई भिंतीकडे बघतच राहिली. इतकी वर्षं सावली शिकवली, पण कधी दोन दिवे लावून बघितली नाही, असं ती पुटपुटली, आणि आत जाऊन तिसरा दिवा घेऊन आली.

वाचकहो, तयारी शिक्षकाने स्वतःची करायची असते. मुलं तर केव्हाचीच तयार आहेत!