कोणी कोणाला काय दिलं?

मित्रांनो, मी एक म्हातारा फळा. काळा, लाकडी, कोपऱ्यात पोपडे आलेला. भाषा विभागाच्या एका खोलीत माझा जन्म गेला. सुताराने मला असं काही ठोकलं, की नवा पांढरा फळा आला तरी मला कुणाला हलवता आलं नाही. मग माझ्या खिळ्यांवर कोट टांगायला लागले. कोट! काय हा अपमान!

त्या खोलीत एक ताई संशोधन करायची. एकाच वाक्यात दोन-तीन प्रश्न आले, तर माणसं उत्तर कसं देतात, हा तिचा विषय. समोर माणूस बसवायचा आणि कागदावरून वाचायचं, "कोणी कोणाला काय दिलं?" माणसं भांबावायची. "मला काय ठाऊक, बाई?" ताई वहीत लिहायची, वाक्य चुकीचं. अशी तीन वर्षं गेली. शेवटी तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "असं कुणी विचारतच नाही. विषय सोड." ताई वही मिटून आवराआवर करू लागली. माझा जीव तुटला.

तेवढ्यात कोट न्यायला शिपाईकाका आले. म्हणाले, "ताई, तुम्ही विचारता, पण दाखवत काहीच नाही. तिथे कोण कोण होतं, ते तरी कळू द्या की."

ताईने उरलेले कोट भराभर उतरवले. खडूने माझ्यावर माणसं काढली, वस्तू काढल्या, बाण ओढले आणि तोच प्रश्न विचारला.

"आजीने नातीला केळं, शिंप्याने डॉक्टरांना शर्ट, पोस्टमनने मास्तरांना पत्र," काका एका दमात म्हणाले.

"म्हणजे प्रत्येकाने एक वस्तू दिली?"

"हो, पण ज्याची त्याची वेगळी. एकच वस्तू सगळे कशी देतील?"

ताईने सगळ्या माणसांना पुन्हा बोलावलं. आता एकही जण अडला नाही, तेव्हा सरांनीही विषय राहू दिला.

ताईच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "या प्रश्नाला अर्थच नाही." ताईने माझ्यावरच्या चित्रांकडे बोट केलं. "सर, कोणी कोणाला काय दिलं?" गृहस्थ घडाघडा सांगत सुटले. पत्रापर्यंत पोचले आणि स्वतःच हसू लागले. ताईला पदवी मिळाली, आणि सगळ्यांनी तिचा फोटो काढला तो माझ्यासमोर! त्या दिवशी माझा रुबाब काय सांगू!

मित्रांनो, जुन्या फळ्याला ओल्या फडक्याने पुसू नका, रंग जातो. आणि समोरच्याला उत्तर आलं नाही, तर त्याला अडाणी म्हणण्याआधी आपण त्याच्यापुढे काय मांडलं, ते बघा. ताईची ती सगळी माणसं पहिल्या दिवसापासून शहाणीच होती.