काचनिळी फुलली नाही

हात वर करून तिने सगळ्यांना थांबवलं आणि डोकी मोजली. एक कमी. कोण, ते बघायची गरजच नव्हती. खालच्या वळणावर घुमेकाका पुन्हा गुडघे टेकून बसले होते, तोंड गवतात खुपसून.

"येऊ दे गं त्यांना सावकाश," मावशी म्हणाल्या. "गवताशी गुफ्तगू चाललंय त्यांचं."

सगळे हसले. तीही हसली, पण तिची नजर घुमेकाकांच्या हातांवरून हटेना.

डोंगरावरची रानफुलं दाखवायला माणसं घेऊन जाणं, हा तिचा आणि तिच्या भावाचा धंदा. भाऊ गाडी चालवायचा, ती वाट आणि फुलं दाखवायची. घुमेकाका हे नाव गटानेच ठेवलेलं; गृहस्थ सकाळपासून धड चार वाक्यं बोलले नव्हते. मावशी मात्र गटाचा जीव. कुणाला धाप लागली की पाठीवर हात, कुणाचं तोंड सुकलं की पिशवीतून गोळी. यंदा तर त्या चार मैत्रिणींनाही घेऊन आल्या होत्या.

मागच्या वर्षी गट परत गेल्यावर ती एकटी वर गेली होती. काचनिळी हे दुर्मीळ रानफूल फुलतं त्या कातळाच्या खाचेत जमीन उकरलेली होती. तीन खड्डे, कंदासकट रोपं गायब. बी पडल्यापासून फूल यायला त्या झाडाला सात-आठ वर्षं लागतात. भाऊ म्हणाला होता, "बोभाटा करू नकोस. लोकांवर आळ घेत सुटलीस तर उद्या येणार कोण?" ती गप्प बसली, पण ते खड्डे काही डोक्यातून गेले नाहीत. त्या गटातले यंदा पुन्हा आलेले दोघंच, मावशी आणि घुमेकाका. आणि त्या दिवशी घुमेकाका धुक्यात मागे राहिले होते. बराच वेळ.

आज तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. पुढे जायची, परत मागे यायची. एका पिवळ्या फुलाचं नाव सांगताना जीभ भलत्याच नावावर गेली आणि तिने घाईघाईने सावरून घेतलं.

शेवटच्या चढाआधी सगळे टेकले. मावशी तिच्याजवळ सरकल्या.

"एक सांगू? ओरडायचं नाही हं."

"सांगा ना."

"मागच्या वर्षी तुझी ती काचनिळी मी नेली की घरी. तीन रोपं. गॅलरीत ठेवली, अगदी लेकरासारखं बघितलं. पण एक जगेल तर शपथ!"

ती बाटलीचं झाकण लावत होती. ते बसलं तरी ती पिळतच राहिली.

"मावशी, ती खाली नाही जगत."

"मातीचा दोष असणार. म्हणून यंदा इथली मातीपण नेते थोडी. तू काळजी नको करूस, कुणाला पत्ता लागणार नाही." मावशींनी तिच्या हातात गोळी कोंबली. "खा. चेहरा बघ केवढा उतरलाय."

ती उठली. "मी जरा पुढचं बघून येते. सगळे इथेच थांबा."

मोठ्या दगडाला वळसा घालून ती खाचेपाशी पोचली. काचनिळी फुलली होती. वाऱ्यावर दांडे डुलत होते आणि पाकळ्यांतून ऊन आरपार जात होतं. तिने खिशातून मोबाईल काढला, तसाच परत ठेवला. मागून कुणी येत तर नाही ना, म्हणून दोनदा वळून पाहिलं.

परत आली तेव्हा सगळे पिशव्या अडकवून उभेच होते.

"यंदा फुलली नाही," ती म्हणाली.

"म्हणजे? मग एवढी तंगडतोड कशासाठी केली?" एकजण वैतागला.

"जाऊ द्या हो," मावशीच मध्ये पडल्या. "फुलं काय आपले नोकर आहेत, हाक मारली की हजर व्हायला?"

घुमेकाका तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग उतरायला लागले.

खाली गाडीपाशी सगळे भराभर आत चढले. मावशी खिडकीतून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी येणार म्हणजे येणार. माझी जागा धरून ठेव." ती गाडीच्या दाराकडे वळली.

घुमेकाका सगळ्यांत शेवटी राहिले होते. दाराशी येऊन त्यांनी हळूच विचारलं, "फुललीय ना?"

तिने एकदा गाडीकडे पाहिलं. "हो."

"बरं झालं," म्हणत त्यांनी पायरीवर पाय ठेवला.

"तुम्ही मागच्या वर्षी पाहिली असेलच," ती म्हणाली.

"कुठली! धुक्यात वाट चुकलो, पोचलोच नाही तिथवर. म्हणून तर पुन्हा आलो."

तिचे कान गरम झाले. ती तशीच भावाच्या खिडकीपाशी गेली.

"यांना मुक्कामावर सोड आणि आम्हाला न्यायला परत ये."

"आता कुठे निघालीस?"

"वर." ती थोडी पुढे वाकली, आवाज आणखी खाली आणला. "आणि आल्यावर मला मावशींशी बोलायचंय. तू मध्ये पडायचं नाहीस."

भावाने मावशींकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

"काका, पुन्हा चढवेल ना?" तिने वळून विचारलं.

घुमेकाका चढणीला लागलेही होते.