आधी अंबरपेठ

बासष्टाव्या वर्षी माणसाला गुडघे बदलून घ्यावेसे वाटतात. आमच्या हिम्मतरावांना इटलीची गाडी घ्यावीशी वाटली. तीही वापरलेली, तीही इंग्लंडहून आणि तीही दोनच सीटांची. नवऱ्याचं नाव मी सरळ घेते म्हणून कुणी दचकू नये. गाडीच्या कागदांवर ते इतक्या वेळा वाचलंय की आता उखाण्याची गरज उरलेली नाही.

मुलगा रितेश इंग्लंडात असतो. त्यानं फोटो पाठवले. गाडी लालभडक आणि जमिनीला इतकी टेकलेली की तिच्यात माणूस बसत नाही, सांडतो. मी विचारलं, "डबा कुठं ठेवायचा?"

"पुढं," हे म्हणाले. "इंजिन मागं असतंय, पुढच्या झाकणाखाली डिकी."

इंजिनाच्या जागी डबा! मी हात टेकले.

लोकांना वाटलं, शमशाबादकडची जमीन विकली आणि म्हाताऱ्याला चळ लागला. हैदराबादेत नारायणगुड्यातल्या आमच्या दुकानावर येणारे-जाणारे तसं तोंडावर म्हणायचेही. खरं कारण फक्त मला माहीत होतं. ते कारण अंबरपेठेत राहत होतं आणि त्याचं नाव शिवराज. हिम्मतरावांचे थोरले भाऊ, माझे भाऊजी.

आमच्या घरात एक रीत आहे. घरात कुठलंही वाहन आलं की ते आधी थोरल्याच्या दारी जातं. तिथं त्याच्या हातचा नारळ फुटतो, मग थोरला शेजारी बसतो, एक फेरी होते आणि त्यानंतर वाहन आपल्या घरी. हिम्मतराव जामबागेच्या कॉलेजात शिकायला होते तेव्हाची सायकलसुद्धा भाऊजींना दांडीवर बसवून फिरवली होती. पुढं स्कूटर आली, मारुती आली, रीत चुकली नाही.

अकरा वर्षांपूर्वी मोठी पांढरी गाडी आली तेव्हा चुकली. शोरूममधून आम्ही ती थेट तुळजापूरला नेली. इकडे भाऊजी नारळ घेऊन आणि जाऊबाई, त्रिवेणी, ओवाळायचं ताट घेऊन संध्याकाळपर्यंत दारात उभे. त्या दिवसापासून भावाभावांत बोलणं नाही. लग्नाकार्यात एक मांडवाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. मध्ये आम्ही दोघी जावा निरोप पोचवून दमलो.

तेव्हापासून हिम्मतरावांनी दुसरं वाहन घेतलं नाही. पांढरी गाडी खिळखिळी झाली, तिच्या काचा वर जाईनात, तरी नाही. मी एकदा म्हटलं, "एखादी साधी गाडी घ्या आणि जा की त्यांच्या दारी. तेवढंच निमित्त."

"अकरा वर्षांनी जायचं आणि साध्या गाडीनं? दादा काय म्हणंल?"

तर अशी ही इटलीची गाडी. भावाशी बोलायला तोंड उघडत नव्हतं म्हणून ह्यांनी समुद्रापलीकडून निमित्त मागवलं. दोन-अडीच मैलांवर भाऊ, आणि रस्ता इंग्लंडवरून!

निमित्त सुखासुखी आलं नाही. जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली हवी, स्टेअरिंग उजवीकडे हवं, आणि उतरणार ती फक्त मुंबईच्या बंदरात. आमची निवडली तेव्हा दोन वर्षं आठ महिन्यांची होती. पुढचे चार महिने ह्यांनी तिचं वय असं मोजलं की रितेशच्या वेळी माझे दिवससुद्धा मोजले नव्हते. जहाज उशिरा निघालं तर ह्यांना ताप, बंदरात कागद अडला तर ह्यांना पित्त. शेवटी गाडी सुटली, ट्रकवर चढून हैदराबादेत आली आणि नंबर पडेपर्यंत शहराबाहेर एका शेडमध्ये तीन आठवडे उभी राहिली. हे रोज जाऊन तिला बघून यायचे. घरी मात्र आणायची नाही. आधी अंबरपेठ.

रविवारी सकाळी निघालो. मी नवी इरकल नेसले होते आणि ती सांभाळत त्या गाडीत सांडले. पुढच्या झाकणाखाली पितळी ताट, नारळ, चार लिंबं, हळदकुंकू आणि पेढे. तीनशेनं पळणारी गाडी आम्ही विसानं आणली. रस्त्यावरच्या मुलींनी फोटो काढले. हिम्मतरावांनी तोंड गंभीर ठेवलं होतं, पण कान लाल झाले होते. चार चौकांनंतर मला विचारलं, "तो बाहेर आलाच नाही तर?"

धास्ती मलाही तीच होती, आणि माझ्याकडे तिचं दुसरंही एक कारण होतं.

भाऊजींच्या गल्लीच्या तोंडाशी एक स्पीडब्रेकर आहे. भाऊजी रस्ते खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. कॉलनीच्या कमिटीत शिरून पहिलं काम त्यांनी हे केलं. वीतभर उंच, पण काम असं चोख की बैलगाडीनंसुद्धा हळू व्हावं. अशा गाड्यांना नाक वर उचलायचं बटण असतं म्हणे. आमच्या गाडीच्या पहिल्या मालकानं ते घेतलं नव्हतं, त्याच्या गल्लीत भाऊजी नसावेत.

पुढची चाकं चढली, उतरली, आणि खालून खर्रर्र आवाज आला. गाडी पोटावर बसली. पुढं जाईना, मागं येईना.

चौथं घर भाऊजींचं. ते गॅलरीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपरावरून एकदा पाहिलं. गाडी ओळखायचं कारण नव्हतं, पण घामाघूम होऊन उतरलेला भाऊ ओळखला असणारच. त्यांनी पेपर वर धरला आणि तोंड झाकून घेतलं. हिम्मतरावांनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा असा पडला की मला ती गाडी तिथंच सोडून ह्यांना घरी न्यावंसं वाटलं.

तोवर गर्दी जमली. एक ऑटोवाला म्हणाला, "चाचा, इसको कायकू लाए? हमारी ऑटो हल्लू निकल जाती." दुसरा म्हणाला, मागून ढकला. तिसरा म्हणाला, पुढून उचला. हिम्मतराव परत आत बसले आणि त्यांनी रेस दिली. इंजिन अख्ख्या अंबरपेठेला ऐकू जाईल असं ओरडलं, टायरचा वास सुटला.

भाऊजी भावाला अकरा वर्षं सहन करू शकत होते. रस्त्यावर चाललेलं चुकीचं काम त्यांना पाच मिनिटंही सहन होईना. पेपर खाली पडला. लुंगी सावरत ते जिन्यावरून ओरडतच आले.

"तिरपी घ्यायची रे, तिरपी! गाढवा, अशी सरळ घालतंय का कुणी?"

अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, आणि त्यात गाढव. हिम्मतरावांचे डोळे भरले.

भाऊजी गाडीच्या पुढं आले. "रेस बंद कर. झाकण उघड, बघू दे इंजिन."

"दादा, त्यात इंजिन..."

"उघड म्हटलं ना!"

ह्यांनी उघडलं. भाऊजी वाकले. आत ताट, नारळ, लिंबं. पेढ्याचा पुडा फडक्यात बांधलेला. त्यांनी नारळाला हात लावून पाहिला. इंजिन कुठं गेलं, हे त्यांनी विचारलं नाही.

"घरी नेली न्हाईस?"

"न्हाई."

"तुळजापूरला?"

"न्हाई, दादा. आधी तुमच्याकडं."

आता माझी पाळी होती. माझं ते दुसरं कारण अकरा वर्षांचं होतं. मी गाडीतून कशीबशी बाहेर आले आणि म्हणाले, "भाऊजी, मागल्या वेळी आधी तुळजापूर म्हणून मीच हट्ट धरला होता. हे नको म्हणत होते. ह्यांनी माझं नाव कधी पुढं केलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. चुकलं माझं."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. "तारामती, हे सांगायला अकरा वर्षं?" एवढंच म्हणाले. आवाज चढला नव्हता. मग गाडीवर हात फिरवत विचारलं, "जुनी हाय का?"

"तीन वर्षांची," हिम्मतराव ओशाळून म्हणाले. "वापरलेली. रीतीत बसती का, ठाव न्हाई."

"आपल्या घरात आज आली ना? मंग नवीच."

त्रिवेणीबाईंनी घरातून जेवणाचे चार पाट आणले. लोकांनी गाडी उचलून धरली, भाऊजींनी पाट चाकांखाली सरकवले आणि स्वतः पुढं उभे राहिले. हात वर करून "हौ, हौ, डावी, बस" करत ते उलटे चालत निघाले आणि त्यांच्या मागून ती तीनशेची गाडी गोगलगायीसारखी दारापर्यंत आली. लिंबं चाकांखाली गेली, नारळ एका फटक्यात फुटला. त्रिवेणीबाईंनी ओवाळलं, गाडीला आणि मग दिराला.

हिम्मतरावांनी दुसरं दार उघडलं. सवयीनं मी पाऊल टाकलं. खरं सांगायचं तर इतके महिने मी त्या सीटला मनात माझी सीट म्हणत होते. ते म्हणाले, "दादा, बसा."

मी मागं सरले. भाऊजी माझ्यापेक्षा जोरात सांडले. गाडी गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली. तिथंही भाऊजींचाच स्पीडब्रेकर होता, म्हणून तशीच उलटी परत आली. उतरताना दोघांचेही कान लाल होते.

गाडी नारायणगुड्याला आमच्या घरी कशी न्यायची, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी निघाला. आमच्या गल्लीत तीन स्पीडब्रेकर. भाऊजी स्वतः टेप घेऊन आले, अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिन्ही मोजले, माझ्या हातचं जेवले आणि निकाल दिला, "जमायचं न्हाई. राहू दे माझ्याच दारात."

तेव्हापासून गाडी अंबरपेठेत आहे. हिम्मतराव रोज संध्याकाळी दुकान बंद करून जुन्या स्कूटरवरून गाडी बघायला जातात आणि जेवायच्या वेळेला परत येतात. काल मी विचारलं, "कशी आहे गाडी?" तर म्हणाले, चहात वेळ गेला, कव्हर काढायचं राहिलं. परवाही राहिलं होतं.

आमच्या घरामागून शाळेच्या भिंतीला लागून एक रस्ता येतो. त्यावर एकही स्पीडब्रेकर नाही. हिम्मतरावांना तो तीस वर्षं माहीत आहे. भाऊजींनी तर तो स्वतः उभं राहून करून घेतलेला आहे. दोघांनाही अजून आठवलेला नाही, आणि मी काही आठवण करून देणार नाही.