नापास झालेले मास्तर

थॅडियस प्रुइट अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या एका लहानशा गावात, काळ्या मुलांच्या शाळेत चोवीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवत होते. मतदान हा नागरिकाचा पहिला हक्क, हे त्यांनी किती वर्गांकडून घोकून घेतलं असेल! स्वतः मात्र त्यांनी एकदाही मत दिलं नव्हतं.

१९६२ सालच्या एप्रिलात धुणं धुणाऱ्या कॉर्डेलिया मावशी त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मतदारयादीत नाव घालायला त्या तीनदा कचेरीत गेल्या होत्या आणि तिन्ही वेळा तिथल्या, राज्यघटनेतल्या कलमाचा अर्थ लिहायच्या परीक्षेत नापास होऊन परतल्या होत्या.

"मास्तर, उद्या माझ्यासोबत चला. तुम्ही शिकलेले, तुम्हाला कसे नाकारतील?"

"मावशी, शाळा गोऱ्यांच्या हातात आहे, नोकरी जाईल माझी. जरा दमानं घ्या. दिवस बदलतील."

"आपोआप?" मावशी कडाडल्या. "माझा बाप दमानं घेत मेला, नवराही तसाच गेला. पोरांना हक्क शिकवता आणि स्वतः घरात दडून बसता? लाज नाही वाटत?"

शब्द जिव्हारी लागले. दुसऱ्या दिवशी मास्तर कोट चढवून मावशींसोबत कचेरीत निघाले.

रांगेत पुढे एक गोरा तरुण होता. राज्यघटनेतलं एका ओळीचं कलमही त्याला उलगडेना. कारकुनानेच अर्थ सांगितला. "कर सही. आईला नमस्कार सांग हो!"

मास्तरांपुढे पानभर लांबीचं कलम आलं. त्यांनी त्याचा अर्थ सुवाच्य अक्षरात लिहून दिला. कारकुनाने कागदावर नजरसुद्धा टाकली नाही.

"नापास. थॅडियस, तुला वाचता येत नाही."

"मिस्टर प्रुइट म्हणा!" मास्तरांनी कागद पुन्हा त्याच्यापुढे सरकवला. "वाचलं तर तुम्हीच नाही. वाचा, मी थांबतो."

"चालता हो, नाहीतर शेरीफला बोलावतो!"

"बोलवा की," म्हणत मावशींनी फरशीवर बसकण मारली. मास्तरही शेजारी बसले.

दोघांना चार दिवस तुरुंगवास घडला. शाळेने मास्तरांना काढून टाकलं. त्यांनी चर्चच्या मागच्या खोलीत त्याच परीक्षेच्या तयारीचा वर्ग उघडला. न्हावी आले, स्वयंपाकिणी आल्या, नोकरीवर पाणी सोडून दोन शिक्षिकाही आल्या. सगळे नापास होत राहिले आणि पुन्हा रांगेत उभे राहत गेले. गावोगावी अशाच रांगा लागल्या. अखेर तीन वर्षांनी देशात नवा कायदा झाला, ती परीक्षाच गेली आणि मास्तरांनी जन्मातलं पहिलं मत दिलं.

नागरिकहो, तो कायदा कुणी दान दिला नाही. असल्या नापास माणसांनी तो करायला भाग पाडला. अन्याय डोळ्यांनी पाहून जो शहाणा गप्प बसतो, तो अन्याय करणाऱ्याचीच चाकरी करतो!