दिव्याची स्प्रिंग

टेबलावर पितळेची सहा वजनं होती, प्रत्येकी शंभर ग्रॅमची. एक स्टँड, एक स्टीलची पट्टी, एक स्प्रिंग आणि तळाशी गार झालेला चहा असलेला एक कप. ताईने वजनं बोटाने पुन्हा मोजली. दुपारच्या बॅचमधलं कुणीतरी एखादं खिशात घालून नेई, आणि मग ते वसतिगृहाच्या खिडकीत, दार आपटू नये म्हणून लावलेलं सापडे.

"झालं, ताई," समोरची मुलगी म्हणाली. "स्प्रिंगचा स्थिरांक पंचवीस."

"पंचवीस पूर्णांक किती?"

"शून्य. पंचवीस पूर्णांक शून्य."

ताईने मान हलवली आणि स्प्रिंग काढून ठेवायला हात पुढे केला. हात मध्येच थांबला. ही स्प्रिंग जुनी नव्हती. जुनी कुणीतरी ताणून पार सरळ करून टाकली होती, म्हणून आज सकाळीच तिने कपाटातून नवी काढून लावली होती. दिसायला तशीच, फक्त तार किंचित जाड. लावताना सवयीने मोजलीही होती. एकतीस.

"हे पंचवीस कुठून आले?"

मुलीने वहीकडे पाहिलं. "मोजले."

"स्प्रिंग बदललीय. सांगायचं राहून गेलं माझ्याकडून. हिचे एकतीस येतात."

वरच्या मजल्यावर कुणीतरी बाक ओढला.

"पण मदत कक्षातल्या स्प्रिंगचे पंचवीसच असतात ना?" मुलगी हळूच म्हणाली. "सगळ्यांना माहितीय."

ताईने वही ओढून घेतली. रीडिंगचा रकाना देखणा होता. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा तितकाच मोठा, जणू जिन्याच्या पायऱ्या. उत्तर आधी लिहून उलटं भागत गेलं की असाच रकाना तयार होतो. ताईला राग यायला हवा होता, पण राग यायलाही पोटात काही असावं लागतं, आणि सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. तीन आठवडे ही मुलगी चोवीस पूर्णांक आठ, पंचवीस पूर्णांक एक असं काहीबाही आणत होती, आणि तीन आठवडे ताई मनात म्हणत होती, चला, हिची गाडी रुळावर आली.

मदत कक्ष अभियांत्रिकीच्या इमारतीत, तळघरात होता. पहिल्या वर्षाला गणितात नाहीतर भौतिकशास्त्रात गटांगळ्या खाणारी मुलं इथे पाठवली जात. ताईची पदवी होऊन दोनच वर्षं झाली होती आणि नेमणूक वर्षावर्षाची होती. या मुलीला वर्गात 'तरीपण' म्हणत, कारण सरांचं समजावून झालं की मागच्या बाकावरून हटकून आवाज यायचा, "तरीपण, सर..." पहिल्या सत्राच्या प्रात्यक्षिकात नापास झाल्यापासून तिने ते म्हणणं सोडलं होतं. नाव मात्र चिकटलं होतं.

"मागच्या परीक्षेत काय झालं होतं नक्की?" ताईने विचारलं.

"परीक्षकांनी त्यांची स्वतःची स्प्रिंग आणली होती."

"मग?"

"मी पंचवीस लिहिले."

ताईला हसू आलं, ते तिने कपात दडवलं. चहा गारढोण होता.

तेवढ्यात फोन वाजला. कक्षप्रमुख मॅडमचा आवाज असा होता की फोन कानाला लावला काय नि टेबलावर ठेवला काय, सारखंच.

"उद्याच्या फेरपरीक्षेला कुणाकुणाची नावं पाठवू? पाचपर्यंत यादी द्यायचीय."

"चार नक्की, मॅडम. पाचवीचं..."

"ती तरीपण ना? बघ बाई. झेपणार नसेल तर काढून टाकू नाव. बसलीच नाही तर आपल्या टक्केवारीत धरत नाहीत. बसून आपटली तर धरतात. आणि पुढच्या वर्षी हा कक्ष चालू ठेवायचा की नाही, ते सगळं टक्केवारीवरच आहे. तुझी नेमणूकसुद्धा. मी काही वेगळं सांगायला नको."

"नको, मॅडम."

फोन ठेवला तेव्हा मुलगी बाहीच्या टोकाने एक वजन पुसत होती. ते आधीच लख्ख होतं.

"नाव काढलं तर वर्ष जाईल ना?"

"जाईल. पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून."

"पुढचं वर्ष नाहीये, ताई. मामा म्हणालाय, एकदाच. नाहीतर दुकानात बस म्हणून. घर तोच चालवतो, त्यामुळे आई काही बोलत नाही."

ताईने घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन. काय सांगायचं ते खरं म्हणजे तिचं ठरलं होतं. काढा म्हणायचं. उद्या परीक्षकांसमोर शोभा होण्यापेक्षा ते बरं, असंही स्वतःला समजावून झालं होतं.

शिपाईकाका मोडका टेबललॅम्प बगलेत मारून आत आले. "ताई, हा भंगारात टाकू ना? मान मोडलीय याची. तुमच्यासारखीच."

"माझी कुठे मोडलीय?"

"आरशात बघा एकदा."

ताई लॅम्पकडे बघत राहिली. मग उठली, पक्कड घेतली आणि लॅम्पच्या दांड्यातली घट्ट वेटोळ्यांची स्प्रिंग काढून स्टँडला अडकवली.

"ही मोज."

मुलीने शंभर ग्रॅमचं वजन लावलं आणि पट्टीपाशी वाकली. "शून्य," ती म्हणाली आणि तिने वर पाहिलं. ताईची भुवई किंचित उचलली गेली होती. वजन लावल्यावर स्प्रिंग थोडी तरी ताणली जायला हवी.

"नाही, नाही. दीड. दीड सेंटीमीटर."

"दीड दिसले तुला?"

"दीड असतील ना?"

दुसरं वजन चढलं. "दीड," मुलगी म्हणाली आणि तिने पुन्हा वर पाहिलं. ताईच्या ओठांची हालचाल झाली असावी. "म्हणजे... तीन."

आता ताईने वजनाकडे बघणं सोडलं आणि मुलीच्या डोळ्यांकडे पाहिलं. पट्टीवर ते एक क्षण टेकत होते. उरलेला सगळा वेळ ते ताईच्या चेहऱ्यावर होते: भुवईवर, ओठांच्या कोपऱ्यावर, हलणाऱ्या मानेवर. तीन आठवडे मुलगी मोजतच होती, आणि तसं अचूकच मोजत होती.

ताईने खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"आता मोज. पहिल्यापासून. झालं की सांग."

"तुम्ही बघणार नाही?"

"नाही."

"चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं."

"रागावलात ना तुम्ही?"

"नाही गं. दमलेय."

मागे पितळ पितळावर वाजलं. मग बराच वेळ काही नाही.

"ताई, शून्यच येतंय."

ताई भिंतीकडेच बघत राहिली.

"उत्तर साधारण किती येतं, एवढं तरी सांगा ना."

"मला माहीत नाही."

"हो का?"

"खरंच माहीत नाही. कुणीच मोजलेली नाही ही."

मागचा आवाज एकदम लहान झाला. "तुम्हालाही माहीत नाही?"

समोरच्या भिंतीला ओल आली होती आणि कक्षाचं जुनं पोस्टर एका कोपऱ्यातून सुटून लोंबत होतं. नेमणूक गेली तर कोचिंग क्लासवाले घेतील, ताईच्या मनात आलं. तिथे तर उलटं भागायलाच शिकवतात, आणि वर टाळ्या मिळतात. तिने कपाळ भिंतीला टेकलं. भिंत गार होती, बरं वाटलं. मागे वजनं चढत होती, उतरत होती. मग खोडरबर घासल्याचा आवाज, मग तोही थांबला. पुन्हा पहिलं वजन.

"झोपलीस की काय गं?"

ताई दचकून उठली. मान खरंच मोडून आल्यासारखी दुखत होती. दारातून मॅडम आत येत होत्या, खांद्याला पर्स, हातात गाडीची किल्ली. किल्ली टेबलावर ठेवायला त्यांनी हात पुढे केला.

"मॅडम, टेबलाला हात नका लावू," पट्टीपाशी वाकलेली मुलगी वळून न बघता म्हणाली. "वजन हलतंय."

मॅडमचा हात तसाच हवेत राहिला. मग किल्ली त्यांनी मुठीत धरली, आणि आवाजही जरा खाली आला. "पाच वाजून गेले. त्या यादीसाठी थांबलेत. काय करायचं?"

ताईने खुर्ची वळवली. वहीत तीन रकाने होते, तिन्ही ओबडधोबड. तिन्हींत पहिल्या ओळीला शून्य. आलेखावरची रेघ कोपऱ्यातून न निघता बाजूने निघाली होती, आणि एक ठिपका रेघ सोडून भलतीकडेच होता. तो खोडलेला नव्हता. त्याच्याभोवती गोल केला होता.

"पहिल्या वजनाला ही हलतच नाही," मुलगी पट्टीलाच सांगितल्यासारखं म्हणाली. "लावतानाही नाही, काढतानाही नाही. तीनदा करून बघितलं. दोनशेपासून सुटते. का ते कळलं नाही, म्हणून तसंच लिहिलंय."

मॅडमनी ताईकडे पाहिलं. "बरोबर आहे का हे?"

"माहीत नाही, मॅडम. मी मोजलेली नाही."

"मग मी काय करू?"

"नाव पाठवा."

"टक्केवारी तुझी तू बघशील."

"बघते."

मॅडम क्षणभर उभ्या राहिल्या, मग फोन काढून दाराबाहेर गेल्या. त्यांचा आवाज जिन्यातून वर जाईपर्यंत ऐकू येत राहिला.

मुलगी वजन स्थिर व्हायची वाट बघत होती. ते स्थिर झाल्यावर तिने शेवटचं रीडिंग घेतलं, रेघेवर दोन लांबचे बिंदू निवडले, भागाकार केला, परत करून बघितला, आणि वहीच्या तळाशी लिहिलं:

बासष्ट, अधिक-उणे दोन, न्यूटन प्रति मीटर.